नागपूर-मुंबई ६८० किलोमीटर, मग विमानाला पावणेदोन तास काहून लागतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. आईला मुंबईला परळला दवाखान्यात दाखवायचंय, सकाळी साडेदहाचा नंबर आहे. नेटवर नागपूर-मुंबई विमानाचं अंतर पाहिलं तर एका ठिकाणी ६८३ किलोमीटर, दुसरीकडं ७०० च्या वर, कुठं ८३७, आणि एका ठिकाणी तर फक्त ३६९. वेळ कुठं ४९ मिनिटं, कुठं १ तास १९ मिनिटं, आणि तिकिटावर १ तास ४० मिनिटं. यातलं खरं कोणतं? आणि अमरावतीचं बेलोरा विमानतळ आता सुरू झालंय, ते घराजवळ आहे, तिथून मुंबईही जवळ पडते, तर तिकडून लवकर पोहोचू का?

भाऊ, प्रश्न एकदम बरोबर विचारला तुम्ही. मी बरीच वर्षं एका एअरलाइनच्या फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रस्ता, इंधन, वारा, वजन, वेळ हे सगळं कागदावर बसवायचं काम, आता गावी शेती पाहतो. त्यामुळं थोडं लांबलचक होईल पण सगळं सांगतो, कारण आपल्याकडची माणसं विमानानं जातात ती बहुतेक दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी नाहीतर नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी, आणि अशा कामाला उशिरा पोहोचलं की सगळा खर्च वाया.

आधी अंतराचं. तुम्ही पाहिलेले चारही आकडे खरे आहेत, फक्त ते चार वेगळ्या गोष्टींचे आहेत. ६८३ हे सरळ हवेतलं अंतर, नागपूरच्या सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळापर्यंत, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर. ३६९ तेच अंतर आहे पण नॉटिकल मैलात, विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. ८३७ हे रेल्वेचं अंतर आहे, वर्धा-बडनेरा-अकोला-भुसावळमार्गे सीएसएमटीपर्यंत, ते कोणीतरी विमानाच्या पानावर चिकटवून दिलेलं असतं. आणि ७०० च्या वरचा आकडा म्हणजे विमान प्रत्यक्षात जेवढं उडते ते, नाहीतर समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटर, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होते.

सरळ अंतर तुम्ही स्वतः मोबाईलवर काढू शकता, कोणत्या साइटवर भरवसा ठेवायची गरज नाही. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ अक्षांश आणि ७९.०५ रेखांशावर आहे, मुंबई १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक २ अंश, एक अंश म्हणजे अंदाजे १११ किलोमीटर, झाले २२२. रेखांशातला फरक ६.१८ अंश, पण रेखांश विषुववृत्तापासून वर जाता जाता जवळ जवळ येत जातात म्हणून आपल्याकडं २० अक्षांशावर एक अंश म्हणजे १०४ किलोमीटरच धरायचा, झाले ६४३ च्या आसपास. आता दहावीचा पायथागोरस लावा, २२२ चा वर्ग अधिक ६४३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, ६८० येते. एवढ्या जवळच्या अंतराला हा हिशोब पुरेसा आहे, दोन-चार किलोमीटरचा फरक पडला तर पडला. अमेरिका-युरोपला हा चालत नाही, तिथं पृथ्वीची गोलाई पूर्ण धरावी लागते, म्हणून तर बंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोचा थेट हवाई रस्ता सपाट नकाशावर पाहिला तर भलताच वर उत्तरेला चाललेला वाटते, पण ग्लोबवर दोरा ताणून पाहा, तोच जवळचा रस्ता निघते.

हे सरळ अंतर विमान कधीच उडत नाही हे मात्र लक्षात ठेवा. उड्डाण झाल्यावर आधी धावपट्टीच्या दिशेनं जायचं, मग ठरलेल्या वळणानं मार्गावर यायचं, मध्ये हवाई दलाचा बंद इलाखा असला तर वळसा, आणि मुंबईजवळ आलं की कंट्रोलर ज्या क्रमानं बोलावेल त्या क्रमानं रांगेत लागायचं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेनं आहे आणि मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. मुंबईत बहुतेक वेळा समुद्राकडं तोंड करून विमान उतरते म्हणजे नागपूरहून येणाऱ्याला ते सोयीचं पडते, पूर्वेकडूनच यायचं असते, पण वारा फिरला आणि समुद्राकडून उतरवायची वेळ आली तर सगळा वळसा घेऊन यावं लागते. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण सरळ अंतरापेक्षा पाच-दहा टक्के जास्तच होते, रांग लांब असली तर त्याहून जास्त.

आता वेळेचं, खरा मुद्दा इथं आहे. ती ४९ मिनिटं कुठून आली? कोणीतरी ६८३ ला ८३० नं भागलं. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटरनं चालते हे खरं, पण ते वर गेल्यावर. ३४-३५ हजार फुटांवर चढायलाच वीसेक मिनिटं लागतात आणि त्या वेळात वेग कमी असते, दहा हजार फुटांच्या खाली तर २५० नॉटपेक्षा जास्त वेगानं जायची परवानगीच नसते, ते पडते ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. उतरतानाही तसंच. हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल असा आमचा ढोबळ हिशोब, म्हणजे ३५ हजार फुटांवरून उतरायला शंभराच्या वर नॉटिकल मैल, जवळपास २०० किलोमीटर आधीच विमान खाली यायला लागते. नागपूर-मुंबईत चढण आणि उतरण काढून टाकली तर पूर्ण वेगात चालायला तीनशेक किलोमीटरच उरतात. चहा देऊन होत नाही तोवर पट्टे बांधा म्हणतात ते याच्यामुळं. म्हणून चाकं जमिनीवरून सुटल्यापासून मुंबईत टेकेपर्यंत साधारण एक तास पाच ते पंधरा मिनिटं लागतात. १ तास १९ मिनिटं दाखवणारी साइट त्या ४९ मिनिटांत सरसकट अर्धा तास मिळवून देते, अंदाज म्हणून तो वाईट नाही, पण तो कोणत्याच खऱ्या विमानाचा वेळ नाही.

तिकिटावर जो वेळ असते त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान गेटवरून मागं सरकलं तिथून घड्याळ सुरू, आणि मुंबईत गेटवर उभं राहून चाकाला ठोकळे लागले की बंद. एसटी डेपोतून निघाली ते दुसऱ्या डेपोत फलाटाला लागली तोपर्यंतचा वेळ जसा, तसंच. म्हणजे यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथं थांबणं, हवेतली रांग, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जाणं सगळं आलं. नागपूरला हे काम पाच-सात मिनिटांत होऊन जाते, गर्दीच नाही. मुंबईची गोष्ट वेगळी. तिथं दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकीला छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एका धावपट्टीवरून दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. जगात एवढं काम एका धावपट्टीकडून करून घेणारी ठिकाणं फार थोडी आहेत, आणि तिथले कंट्रोलर हे रोज करून राहिले याचं मला फार कौतुक आहे. पण त्याचा परिणाम असा की सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तुमचं विमान दहा-पंधरा मिनिटं हवेत गोल फिरवू शकतात, उतरल्यावर गेट रिकामं नसलं तर पुन्हा थांबवतात. एअरलाइनला हे माहीत असते म्हणून ती ब्लॉक टाइममध्ये आधीच ती मिनिटं धरून ठेवते. कधी कधी पायलट सांगते की आपण वीस मिनिटं लवकर पोहोचलो, तेव्हा विमान काही जोरात पळालेलं नसते, रांग लागली नाही एवढंच.

म्हणून नागपूर-मुंबईला दीड ते पावणेदोन तास हाच आकडा धरायचा, तिकिटावर जो आहे तोच. आणि या ब्लॉक टाइमला कायद्यातही अर्थ आहे, हे फार लोकांना माहीत नसते. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमानं अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असला, आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं, तर एअरलाइननं खायला-प्यायला दिलं पाहिजे. उशीर सहा तासांच्या वर जाणार असला तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, जे तुम्हाला पाहिजे ते. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा, आपल्याकडची माणसं बिचारी कोपऱ्यात बसून राहतात, सोबत बांधून नेलेली भाकरी संपेपर्यंत विचारतच नाहीत.

वाऱ्याचं सांगायलाच पाहिजे, कारण याच्यामुळं जाताना आणि येताना वेळ वेगळा दिसते आणि लोकांना वाटते छापण्यात चूक आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहते, जेट स्ट्रीम, त्याचा गाभा दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्यात असते पण त्याची कड आपल्याकडंही लागते. नागपूरहून मुंबईला जाणं म्हणजे पश्चिमेला, वारा समोरून. येताना तोच पाठीमागून. समजा ६० नॉटचा वारा आहे, तर विमानाचा जमिनीवरचा वेग जाताना साधारण ३९० नॉट आणि येताना ५१०. ६८३ किलोमीटरला हा फरक दहा-बारा मिनिटांचा पडते. पावसाळ्यात उलटं होते. जून ते सप्टेंबर दक्षिण भारताच्या वर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेला वारा वाहते, पूर्वेचा उष्णकटिबंधीय जेट, आपल्याच देशाचे हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो दाखवून दिला आणि मान्सूनच्या अभ्यासात ती मोठी गोष्ट मानतात. आपल्या पट्ट्यात त्याचा जोर हिवाळ्यातल्या वाऱ्याएवढा नसते, पण मुंबईला जाताना थोडी मदत मिळते. अर्थात पावसाळ्यात मुंबईवर ढग आणि रांग एवढी असते की वाऱ्यानं वाचवलेली मिनिटं तिथं खर्च होऊन जातात. मुंबईत अगदीच उतरता आलं नाही तर विमान अहमदाबाद, हैदराबाद किंवा परत आपल्या नागपूरला आणतात, त्याचं इंधन आधीच भरलेलं असते, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

अंतर तेच राहून वेळ किती बदलू शकते याचं मोठं उदाहरण म्हणजे पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली ते. दिल्ली ते लंडन सरळ अंतर एक इंचही वाढलं नाही, पण विमानांना खालून अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. आपल्या भागातली जी पोरं आखातात कामाला जातात त्यांना याचा तेवढा त्रास नाही, नागपूर-दोहा तसंही समुद्रावरूनच जाते, सरळ अंतर २,८४० किलोमीटरच्या आसपास. पण त्यांची वेगळीच फसगत होते. तिकिटावर सुटायची वेळ इथल्या घड्याळानं आणि पोहोचायची वेळ तिथल्या घड्याळानं असते. दोहा आपल्या अडीच तास मागं. पहाटे ४ ला निघालं आणि सव्वाचार-साडेचार तास उडालं तर तिकिटावर पोहोचायची वेळ ६ च्या आसपास दिसते, घरचे म्हणतात दोनच तासात पोहोचला, मग फोन काहून लागत नाही, आणि माय बिचारी अडीच तास चिंतेत. तर वजाबाकी करताना अडीच तास मिळवा.

बरं, आता बेलोऱ्याचं. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडला. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं विमानतळ सुरू झालं आणि उडान योजनेत, म्हणजे छोट्या गावांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेत, मुंबईला अलायन्स एअरचं विमान लागलं. अमरावती-मुंबई सरळ अंतर ५४० किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा १४० किलोमीटर कमी. पण सुरू झालं तेव्हाचं टाइमटेबल पाहा, अमरावतीहून दुपारी ४.४० ला निघून मुंबईत ६.२५, म्हणजे पावणेदोन तास, नागपूरएवढेच. कारण विमान वेगळं आहे. तिकडं एटीआर-७२ चालते, पंख्याचं, सत्तर-बहात्तर सीटचं, त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास. जेटच्या ८३० पुढं ते कमीच. वर पंचवीस हजार फुटांच्या आतच उडते. पण हे विमान कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, छोट्या धावपट्टीसाठी ते मुद्दाम बनवलेलं आहे. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे, नागपूरची ३,२०० मीटर. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री होते तेव्हा हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडते, धावपट्टी जास्त लागते. लांब धावपट्टीवर हे खपून जाते, छोटीवर कधी कधी वजन कमी करावं लागते, म्हणजे सामान किंवा सीट कमी. उन्हाळ्यात दुपारच्या विमानाला तुमचं सामान दुसऱ्या दिवशी येईल असं कोणी म्हटलं तर त्यामागं ही भानगड असू शकते. आईची औषधं आणि रिपोर्ट म्हणून हातातल्या पिशवीतच ठेवायचे, चेक-इनच्या बॅगेत बिलकुल टाकायचे नाही.

तर मग बेलोऱ्याहून लवकर पोहोचू का? हो, तुम्ही नक्कीच लवकर पोहोचता, पण विमान लवकर जाते म्हणून पोहोचत नाही. तुमचा वेळ रस्त्यावर वाचते. नेरहून बेलोरा म्हणजे अमरावती शहरात शिरायचंही काम नाही, यवतमाळ रोडनंच अलीकडं लागते, तासाभरात माणूस पोहोचते. नागपूर म्हणजे साडेतीन तास धरा, धामणगावकडून समृद्धीवर चढलात तर थोडं कमी, पण आजारी माणसाला घेऊन मध्ये थांबत थांबत जायचं तर साडेतीनच धरा. चेक-इनचं काउंटर बहुतेक एअरलाइन सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २०-२५ मिनिटं आधी, तेव्हा नागपूरला दोन तास आधी आणि बेलोऱ्याला सव्वा-दीड तास आधी पोहोचा. मिळवा आता. बेलोऱ्याहून एक तास, दीड तास, पावणेदोन तास, झाले सव्वाचार. नागपूरहून साडेतीन, दोन, पावणेदोन, झाले सव्वासात. घरापासून मुंबईच्या धावपट्टीपर्यंत तीन तासांचा फरक, आणि तो त्या विमानानं दिला जे ताशी तीनशे किलोमीटरनं हळू आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगून राहिलो की दोन विमानतळांमधलं अंतर पाहून तिकीट काढू नका, घराच्या दारापासून हिशोब करा. वर्ध्याच्या माणसाचं उत्तर वेगळं येईल, त्याला नागपूरच बरं. गोंदियाच्या माणसाला हैदराबादला जायचं असलं तर बिरसीचं विमान मिळते का ते आधी पाहावं. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टीच लहान पडते, नियमित विमानच नाही, त्यामुळं अकोलेकरांना कुठंतरी जाऊनच चढायचं आहे.

पण बेलोऱ्याची एक अडचण मी लपवणार नाही. सुरू झालं तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, आणि दिवसाला एकच. टाइमटेबल ऋतूप्रमाणं बदलत असते म्हणून तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा पाहाच. एकच विमान असलं आणि ते रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं नाही, नागपूरला निदान पुढचं तरी मिळते. दवाखान्याचा नंबर महिना-महिना आधी मिळालेला असते, तो हुकला तर पुन्हा किती दिवस थांबावं लागेल सांगता येत नाही. म्हणून माझा सल्ला, ज्या दिवशी सकाळी साडेदहाचा नंबर आहे त्या दिवशी सकाळी विमानानं जायचा विचारच सोडा, कुठूनही. नागपूरहून पहाटेचं पहिलं विमान घ्यायचं तर नेरहून मध्यरात्रीच्या आसपास निघावं लागेल, आजारी माईला रात्रभर गाडीत बसवून. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचा. नंबर मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी असला तर बेलोऱ्याचं आदल्या दिवशीचं विमान चपखल बसते. नाहीतर नागपूरहून आदल्या दिवशीचं दुपारचं, शेवटचं नको. विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असते, सकाळी दिल्लीत धुक्यानं अर्धा तास गेला की संध्याकाळपर्यंत त्याचे दोन तास झालेले असतात, डिसेंबर-जानेवारीत तर हमखास.

आणि एक सांगतो, विमानाच्या धंद्यातला माणूस असून सांगतो. आई झोपून प्रवास करू शकत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर अमरावती-मुंबई एक्स्प्रेसचाही विचार करा. रात्री बडनेऱ्याला चढायचं, सकाळी दादरला उतरायचं, परळ तिथून अगदी लागून. मात्र तीही आदल्या रात्री नको, त्याच्या आधीच्या रात्रीची, म्हणजे एक दिवस हाताशी राहते. ज्यांना जास्त वेळ बसवत नाही, कमरेचं किंवा ऑपरेशन झालेलं दुखणं आहे, त्यांना पावणेदोन तास सीटवर ताठ बसण्यापेक्षा बर्थवर झोपणं बरं पडते. ज्यांना श्वासाचा त्रास आहे, रक्त कमी आहे, त्यांनी तर विमानात बसण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते तरी ती जमिनीसारखी नसते, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असू शकते.

मुंबईत उतरायचं कुठं हेही आता पाहावं लागते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरपासून तिथून विमानं सुरू झाली, त्यामुळं मोबाईलवर मुंबई टाकलं की दोन विमानतळ दिसतात. हवेतलं अंतर नागपूरहून नवी मुंबईला पंधरा-वीस किलोमीटरनं कमीच आहे, वेळेत काही फरक नाही, पण उतरल्यावरचा फरक मोठा. तुमचं काम पनवेल, वाशी, खारघरला असलं तर नवी मुंबई सोन्यासारखी. परळला जायचं तर अटल सेतूवरून गाडी शिवडीला उतरते, तिथून परळ जवळ आहे, पण टॅक्सीचं भाडं आणि वरून टोल धरा. जुन्या विमानतळावर उतरलात तर आता भुयारी मेट्रो आहे, तिसरी मार्गिका, दोन्ही टर्मिनलला स्टेशन आहे आणि सरळ दादरला नेते, ट्रॅफिकची भानगडच नाही. तिकिटावर टर्मिनल १ आहे की २ हे जाताना एवढं महत्त्वाचं नाही, पण परत येताना नक्की पाहा, दोन्ही टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत आणि चुकीच्या ठिकाणी गेलं की अर्धा-पाऊण तास तिथंच जाते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दुरुस्तीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात, तारीख खूप आधी जाहीर होते, परतीचं तिकीट काढताना तेवढं बातम्यांत पाहून घ्या.

व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच टाका, निदान ४८ तास आधी तरी एअरलाइनला कळलं पाहिजे. नागपूरला आणि मुंबईला बहुतेक वेळा पूल लावून थेट विमानात जाता येते, एटीआरला मात्र मागच्या दारानं चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात, आईला पायऱ्या अजिबात जमत नसतील तर तेही आधीच सांगून ठेवा म्हणजे ते माणसं तयार ठेवतात. आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका भाऊ, पहिल्या भेटीत डॉक्टर हमखास दोन-तीन तपासण्या लिहून देतात, रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतात. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडते, पण दवाखान्याच्या कामाला तेच घ्या. नंबर कोणत्या वाराचा आहे तेवढं कळवा, मी त्या दिवसाची विमानं पाहून कोणतं घ्यायचं ते सांगतो.